बोअर नळीच्या तोंडाशी नव्हे, शिशाच्या स्लगने मोजावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वापरलेली रायफल विकत घेणाऱ्यांसाठी जो सल्ला छापून आला, त्यातल्या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे. 'व्हर्नियरचे आतले जबडे नळीच्या तोंडात घालून बोअर तपासावा. आकडा नळीवर कोरलेल्या कॅलिबरशी जुळला की नळी चांगली,' असे ते वाक्य. परवाना हस्तांतराविषयीचा बाकीचा मजकूर उपयोगी आहे. हा सल्ला मात्र कुणी पाळू नये. अशा मोजणीने बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, कळत नाही, शिवाय मोजता मोजता नळीचा सर्वांत नाजूक भाग खराब होऊ शकतो. बोअर मोजण्याची जुनी, स्वस्त आणि भरवशाची रीत मऊ शिशाच्या स्लगची, म्हणजे नळीतून ढकलून तिचा ठसा घेणाऱ्या छोट्या तुकड्याची आहे. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा दादरच्या सावरकर स्मारकात सराव करणारी मुले आज ना उद्या स्वतःची रायफल घेतात आणि ती बहुधा कुणीतरी आधी वापरलेली असते. पैसे मोजण्याआधी नळी मोजायची कशी, हे त्यांच्या पालकांना नीट कळायला हवे. विषय तपशिलाचा असल्याने जागा थोडी जास्त लागेल.

आधी आकड्यांबद्दल. रायफलच्या नळीत आतून पीळ देत गेलेल्या खाचा असतात, त्यांना ग्रूव्ह म्हणतात. दोन खाचांमधला उंचवटा म्हणजे लँड. म्हणजे एकाच नळीला दोन व्यास असतात: समोरासमोरच्या लँडमधला लहान आणि समोरासमोरच्या ग्रूव्हमधला मोठा. नळीवर कोरलेले कॅलिबर यांपैकी कोणता व्यास सांगते, याला काहीच नियम नाही. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली 'थ्री नॉट थ्री' घ्या. ०.३०३ इंच, म्हणजे ७.७० मिलिमीटर, हा तिचा लँडमधला व्यास. तिची गोळी ०.३११ इंचाच्या आसपास असते आणि ग्रूव्ह साधारण ०.३१३ ते ०.३१६ इंच भरतो. ७.६२ मिलिमीटर हेही लँडचेच माप आहे, त्या नळीचा ग्रूव्ह ७.८२ मिलिमीटर असतो. तीच नळी ०.३०८ इंच या नावानेही ओळखली जाते, आणि तिथे आकडा ग्रूव्हचा असतो. ०.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची. बारा बोअरच्या बंदुकीतला 'बारा' तर लांबीचा आकडाच नाही: नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी करावी तर एका पौंडात बारा होतात, म्हणून ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. त्यामुळे कोरलेल्या आकड्याशी माप जुळणे किंवा न जुळणे याला स्वतंत्र अर्थ नाही.

यात धोकाही आहे. जर्मन ८ मिलिमीटर मॉझरच्या जुन्या नळ्या ०.३१८ इंचाच्या गोळीसाठी होत्या, नंतरच्या ०.३२३ इंचाच्या गोळीसाठी. दोन्हींना लोक 'आठ एमएम' म्हणतात. मोठी गोळी लहान नळीत डागली तर दाब धोकादायक रीतीने वाढतो. वारशाने आलेल्या परदेशी रायफलीबाबत मोजमाप हा केवळ अचूक नेमाचा प्रश्न राहत नाही, तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि हातांचा प्रश्न होतो.

आता व्हर्नियर. त्याच्या आतल्या जबड्यांच्या कडा धारदार दिसल्या तरी त्यांना थोडी सपाट जाडी असतेच. लहान गोल छिद्रात ती जाडी आडवी येते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. साध्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर असते, तर ०.२२ इंची नळीतली ग्रूव्हची खोली जेमतेम ०.०६ मिलिमीटर. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तिच्या एक तृतीयांश इतकी चूक उपकरणातच बसलेली आहे! त्यातून मझल, म्हणजे नळीचे तोंड, ही नळीतली सर्वांत फसवी जागा. वर्षानुवर्षे साफसफाईची सळई तिथे घासते आणि तोंड आतून घंटेसारखे फाकते. उरलेली नळी उत्तम असली तरी तोंडाचे माप वाईट येईल. याच्या उलटही होते, कारण स्पर्धेच्या अनेक नळ्या तोंडाशी मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात. शेवटची आणि माझ्या मते सर्वांत गंभीर बाब अशी की, कडक पोलादाचा जबडा क्राउनवर, म्हणजे तोंडाच्या आतल्या कडेवर, ओरखडा काढू शकतो. गोळी नळी सोडते तेव्हा मागचा वायू चहूबाजूंनी एकाच क्षणी सुटायला हवा. क्राउनवर एका बाजूला ओरखडा पडला की वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, तिथे एवढा धक्का पुरेसा होतो.

स्लगमागचे तत्त्व सोपे आहे. ग्रूव्हपेक्षा किंचित जाड असा शुद्ध शिशाचा छोटा तुकडा नळीतून ढकलायचा. लँड त्यात रुततात, ग्रूव्ह शिशाने भरतात आणि नळीच्या आतल्या घडणीचा उलटा ठसा हातात येतो. स्लगवरचा उंच भाग म्हणजे ग्रूव्ह, खोल पट्टा म्हणजे लँड. शिसे शुद्धच हवे, कारण त्याच्यात परत फुगण्याची वृत्ती जवळपास नसते. अँटिमनी मिसळलेले कडक शिसे नळीतून बाहेर पडल्यावर किंचित सुटते, माप मोठे दाखवते आणि ढकलायलाही फार जोर मागते. ब्रिनेल मापावर शुद्ध शिशाचा कडकपणा सुमारे ५ असतो, टायरच्या जुन्या वजनांतल्या मिश्रधातूचा सुमारे १२.

मुंबईत असे शिसे मिळायला अडचण नाही. मासेमारीच्या जाळ्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत शिशाची वजने मिळतात, त्यांतली बरीच मऊ असतात. परीक्षा नखाने करावी: नख ओढल्यावर स्वच्छ चरा उमटला तर शिसे मऊ, नख नुसते घसरले तर ते बाजूला ठेवावे. टायरवाल्याकडची वजने नकोत, कारण कडकपणा तर आहेच, शिवाय त्यांत आता जस्ताची आणि लोखंडाचीही मिसळलेली असतात. जुन्या बॅटरीच्या प्लेट कधीच वापरू नयेत. त्यांतले शिसे कडक असते आणि ते वितळवताना विषारी वायू निघू शकतो. खरे तर स्लगसाठी शिसे वितळवायची गरजच नाही. शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणून लोक ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर वितळवायला जातात. घरात शिशाचा धूर आणि राख पसरवण्यासारखे घातक काही नाही. जाळ्याच्या वजनात ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते.

थंड शिशालाच आकार द्यावा. दोन सपाट पोलादी पट्ट्यांमध्ये तुकडा हाताच्या दाबाने पुढेमागे लाटला की गोल दंडगोल तयार होतो. जास्त बारीक झाला तर उभा धरून वरून हलकी थाप मारावी, तो जाड होतो. जाडी अपेक्षित ग्रूव्हपेक्षा ०.१० ते ०.१५ मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत चार ते सहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ०.२२ च्या नळीचा ग्रूव्ह साधारण ५.६४ मिलिमीटर, लँड ५.५१, तिला ५.७५ चा स्लग पुरतो. यापेक्षा बारीक स्लग ग्रूव्हचा तळ गाठत नाही आणि नळी आहे त्याहून लहान दाखवतो. ही चूक सर्वांत जास्त होते, कारण असा स्लग छान सहज सरकतो आणि माणूस खूश होतो. फार जाड स्लग तोंडाशी सोलला जातो आणि शिशाची रिंग बाहेर गोळा होते. थोडी रिंग निघणे मात्र चांगले लक्षण आहे, स्लगने पूर्ण नळी भरली याची ती खूण. लांबी व्यासाइतकी किंवा त्याच्या दीडपट पुरे. लांब स्लगने माप जास्त अचूक येत नाही, घर्षण तेवढे वाढते. पुढच्या कडेला सुरीने थोडा उतार द्यावा म्हणजे सुरुवात सरळ होते.

नळीला हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि बोट घालूनही तपासावे. मॅगझिन काढावे, बोल्ट काढून वेगळा ठेवावा आणि काडतुसे त्या खोलीतही नसावीत. हे काम परवानाधारकाने स्वतः किंवा त्याच्यासमोर परवानाधारक गनस्मिथने करावे.

मग नळी धुणे. ०.२२ मध्ये शिशाचा आणि मेणाचा थर असतो, तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या चालवलेल्या नळीत तांब्याचा. हा थर काढल्याशिवाय मोजले तर आपण मळ मोजतो. फॉस्फर ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट वापरावा. चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसावे आणि नळी कोरडी करावी. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या रायफलीच्या चिंधीवर तांबूस छटा दिसली तर तो गंज आहे. तो निघेपर्यंत स्लग घालू नये. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागते, ते परत आल्यावर ही तपासणी आधी करावी. साफ झालेल्या नळीत पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. शिवणयंत्राचे तेल चालते. तेल जास्त झाले तर ते ग्रूव्हमध्ये साठते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे शिसे तळापर्यंत पोचत नाही आणि पुन्हा माप कमी येते. अजिबात तेल नसेल तर शिसे नळीला चाटते आणि स्लगचा पृष्ठभाग फाटतो.

ढकलण्यासाठी पितळेची सळई घ्यावी. गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या धातुबाजारात ती हव्या त्या जाडीत मिळते. ०.२२ ला ५ मिलिमीटर, थ्री नॉट थ्रीला ७ मिलिमीटर. लँडच्या व्यासापेक्षा थोडी कमी, पण फार कमी नको, नाहीतर सळई नळीत वाकते आणि बाजूला घासते. दोन्ही टोके लेथवर सपाट करून कडा मोडून घ्याव्यात. लाकडी काठी वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो धोक्याचा आहे. लाकूड रेषेतून तिरके चिरते, दोन पाचरी एकमेकींवर चढतात आणि नळीत अशा आवळतात की काढताना नाकी नऊ येतात. फक्त स्लग तोंडात बसवताना लाकडाचा छोटा ठोकळा वापरावा, कारण तो क्राउनला इजा करत नाही.

नळी आडवी, मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये किंवा साफसफाईच्या स्टँडवर धरावी. स्लग तोंडावर सरळ ठेवून ठोकळ्याने दोन-तीन हलक्या थापा देऊन तोंडाच्या पातळीपर्यंत आत बसवावा. एकदा लँड रुतले की पुढचे काम सळईने, हाताच्या सलग दाबाने. हातोडीचा मोह टाळावा. प्रत्येक फटक्याला सळईच्या टोकापुढचे मऊ शिसे आडवे फुगते, जास्त आवळते आणि मग आणखी मोठा फटका लागतो. हाताने सरकत नसेल तर छोट्या लाकडी हातोडीने टिचक्यांसारख्या थापा द्याव्यात. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, बाजूला मऊ फडके ठेवावे. स्लग फरशीवर पडला की एका कडेला चेपतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

इथे घाई करू नये. माप नंतर येतेच, पण नळीची खरी माहिती सळईवरच्या हाताला मिळते. सळईवर दर पाच सेंटिमीटरला खूण करून ठेवावी आणि कुठे दाब कमी लागला, कुठे वाढला, ते लिहून घ्यावे. दाब सगळीकडे सारखा लागला तर नळी एकसारखी. एके ठिकाणी स्लग एकदम सैल सुटला तर तिथे नळी रुंद आहे: जुना फुगवटा असेल किंवा गंजाने खाल्लेला भाग असेल. बाहेरून बोट फिरवून न जाणवणारा फुगवटा स्लगला सापडतो. एके ठिकाणी अडखळला तर तिथे शिशाचा थर उरला असण्याची शक्यता आधी धरावी, पुन्हा साफ करून दुसरा स्लग घालावा. त्याच जागी पुन्हा अडखळला तर नळी तिथे खरोखर आवळलेली आहे. कधी कधी बाहेरून साइटचा बेस बसवताना किंवा नळी चुकीच्या पद्धतीने आवळताना असे होते.

स्लग अडकलाच तर पुढे ढकलत राहू नये. दुसऱ्या टोकाकडून सळई घालून आल्या वाटेने परत काढावा. दोन्ही बाजूंनी थोडे पातळ तेल सोडून रात्रभर ठेवले की बहुतेक वेळा सुटतो. नळी बर्नरने तापवू नये, पोलादाची आणि ब्ल्यूइंगची, म्हणजे वरच्या निळसर-काळ्या गंजरोधक थराची, दोन्हींची हानी होते. आणि कुठल्याही परिस्थितीत अडकलेला स्लग काडतूस डागून उडवायचा प्रयत्न करू नये, गोळी नसलेल्या काडतुसानेही नाही. नळी फाटते आणि डागणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

पुष्कळ अनुभवी माणसांकडूनही एक गोष्ट निसटते. शिसे परत फुगत नाही, म्हणून स्लग वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेचे माप घेऊन बाहेर येतो. तोंडाशी आवळलेल्या नळीत तोंडाकडून घातलेला स्लग शेवटपर्यंत तोंडाचेच माप सांगणार. चेंबरपुढची नळी झिजून रुंद झाली असली तरी तो गप्प राहील. तिथला पत्ता सळईवरच्या सैलपणानेच लागेल. म्हणून किमान दोन स्लग हवेत. पहिला तोंडाकडून सबंध नळीतून. दुसरा चेंबरकडून दहा-बारा सेंटिमीटर आत नेऊन, पुढून सळई घालून चेंबरकडूनच परत काढायचा. चेंबरपुढचा भाग जास्त रुंद असेल, तर या दुसऱ्या स्लगलाही अरुंद जागा भेटल्याने माप कमी येते. तेव्हा तो स्लग रुंद जागी नेऊन दोन्ही बाजूंनी सळया लावाव्यात, एक स्थिर धरून दुसरीवर हलकी थाप मारावी, म्हणजे शिसे तिथे फुगून नळी भरते. मग त्याला रुंद बाजूनेच बाहेर काढावे. हे नाजूक काम आहे, आधी भंगारातल्या नळीवर किंवा रीम केलेल्या नळकांड्यावर हात बसवून घ्यावा.

चेंबर आणि त्याच्यापुढचा घसा यांचे नेमके रूप हवे असेल तर स्लग पुरत नाही. त्यासाठी सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळतो, थंड होताना पहिला अर्धा तास आकसतो आणि साधारण एका तासाने चेंबरच्या मूळ मापावर येतो. म्हणून त्याचे माप तासाभरानेच घ्यायचे. त्यात शिसे आणि कॅडमियम असते. हे काम गनस्मिथवर सोपवलेले बरे.

आता मोजणी. मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरचा चालेल, ०.००१ चा असेल तर उत्तम. आधी शून्य तपासावे, मग अपेक्षित मापाजवळच्या स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या प्रमाण ठोकळ्यावर, खात्री करावी. स्लग मुठीत धरून बसू नये. शिसे पोलादापेक्षा सुमारे अडीचपट प्रसरण पावते. आठ मिलिमीटरच्या स्लगला दहा अंशांच्या फरकाने होणारी वाढ दोन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण टेबलावर दहा मिनिटे ठेवल्याने तेवढीही शंका उरत नाही. मायक्रोमीटरच्या टोकाशी असलेल्या, दाब मर्यादित ठेवणाऱ्या रॅचेटचा पहिला टक वाजला की थांबावे. दुसरा टक वाजेपर्यंत आवळले तर आपण शिसे चेपतो. एक जागा एकदाच मोजावी, स्लग फिरवून दुसरी जागा घ्यावी. सर्वांत मोठा आकडा ग्रूव्हचा. कडेची सोललेली शिशाची पापडी आधी नखाने काढावी, ती मध्ये आली तर माप फुगते.

ग्रूव्ह चार, सहा किंवा आठ असतील तर समोरासमोर ग्रूव्ह येतात आणि हे सगळे सरळ होते. पाच असतील तर खरी अडचण. थ्री नॉट थ्री लीएनफील्डच्या पारंपरिक नळीत डावीकडे पीळ असलेले पाच ग्रूव्ह असतात. ग्रूव्हच्या समोर लँड येतो आणि साधा मायक्रोमीटर एकीकडे उंचवट्यावर, दुसरीकडे खोलगट पट्ट्यावर टेकतो. आकडा थेट ग्रूव्हच्या खोलीएवढा कमी येतो आणि मालक समजतो की नळी फार आवळलेली आहे. स्लग फिरवत गेले तर उंचवट्याच्या कडांवर कुठेतरी मोठा आकडा सापडतो, पण त्या कडा कोवळ्या असतात आणि दाबाने ढासळतात. पाच ग्रूव्हसाठी १०८ अंशांच्या व्ही-जबड्याचा मायक्रोमीटर मिळतो, तीन ग्रूव्हसाठी ६० अंशांचा. रीमर आणि मिलिंग कटर मोजायला टूलरूममध्ये तेच वापरतात. तो नसेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीची शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, एकच वेढा, टोकाला टोक भिडवून, स्लगभोवती गुंडाळावी, मोजावे आणि ०.१० वजा करावे. दाबाने शिम खोलगट पट्ट्यावर किंचित आत जाते, म्हणून हे माप थोडे कमीच येते हे धरून चालावे.

इथेच स्लगचा मुंबईकरांना होणारा सर्वांत मोठा उपयोग सांगायला हवा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे भागही 'अग्निशस्त्र' या व्याख्येत येतात आणि दुरुस्ती-तपासणीचा व्यवसाय करायला वेगळा परवाना लागतो. नळी सोडवून नागदेवीतल्या ओळखीच्या मोजमापवाल्याकडे किंवा एखाद्या गाळ्यातल्या लेथवाल्याकडे 'जरा बघून दे' म्हणून ठेवून येणे कायद्यात बसत नाही. त्याचा हेतू चांगला, आपला हेतू चांगला, तरी गुन्हा दोघांवर येऊ शकतो. स्लगला ही अडचण नाही. रायफल घरच्या कुलपात राहते आणि मापासाठी शिशाचा तुकडा तेवढा बाहेर जातो. व्ही-जबड्याचा मायक्रोमीटर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे तो डबीतून नेता येतो. आकडा कशाचा, हे त्याला सांगण्याचीही गरज नसते.

आकडा मिळाल्यावर काय करायचे? परदेशात लोक स्वतः गोळ्या ओततात आणि गोळी ग्रूव्हपेक्षा एक-दोन थाऊ मोठी ठेवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे किंवा काडतुसे भरणे गुन्हा आहे, त्यामुळे ती वाट बंद समजावी. आपला उपयोग नळीचा निकाल लावण्यापुरता. ०.२२ मध्ये गोळी साधारण ५.६६ मिलिमीटरची असते. ग्रूव्ह त्याच्या वर गेला असेल, तर गोळी नळी पुरती भरत नाही, वायू बाजूने निसटतो, शिसे चाटत राहते आणि गट, म्हणजे निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो. अशा नळीला महागडी काडतुसे बदलून फरक पडत नाही, नळी बदलावी लागते किंवा किंमत त्या हिशोबाने ठरवावी लागते. ग्रूव्ह ठीक असून नळी मध्येच सैल असेल तर मी तिला स्पर्धेसाठी घेऊ नका असेच सांगेन. याउलट तोंडाकडे हळूहळू आवळत जाणारी नळी चांगली, तिला दोष समजू नये. स्लगच्या उंचवट्यांवर बारीक पुरळासारखे ठिपके उठले असतील तर ग्रूव्हच्या तळाशी गंजाने खड्डे पडले आहेत. उंचवट्यांच्या कडा गोल आल्या तर लँड झिजले आहेत. भिंगाने पाहिले की हे सगळे स्पष्ट दिसते.

दहा मीटरच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलीला वेगळा स्लग लागत नाही. तिचा पेलेट, म्हणजे छर्रा, मुळातच मऊ शिशाचा असतो. तो चेंबरकडून सळईने हळू ढकलावा, तोंडाजवळचा चोक, म्हणजे आवळलेला भाग, हाताला लगेच कळतो. पेलेट पोकळ असल्यामुळे त्यावर मायक्रोमीटर लावून काही हाती येत नाही. डोक्याचे माप ४.४९ ते ४.५२ पर्यंत वेगवेगळे मिळते, त्यातले कोणते घ्यायचे हे नळी बाकात घट्ट धरून गट काढूनच ठरते.

काम झाल्यावर नळी पुन्हा पुसून घ्यावी. ढकलताना सुटलेली शिशाची कणी चेंबरमध्ये किंवा बोल्टच्या खाचेत राहू नये, तेल काढून टाकावे आणि रायफल बंद करण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो ना हे पाहावे. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. ज्या चिंध्या वापरल्या त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

रायफल क्लबांना एक विनंती. क्लबच्या प्रत्येक रायफलीचे दोन स्लग वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर घ्यावेत. नोंदवहीत तारीख, रायफलीचा क्रमांक, ग्रूव्हचे माप, कोणत्या टोकाकडून घेतला आणि सळईवर कुठे सैल लागली, एवढे लिहावे. एका स्लगने नळी चांगली की वाईट हे कळते. ती किती वेगाने झिजते हे मात्र मागच्या वर्षीचा स्लग शेजारी ठेवल्यावरच कळते, म्हणून स्लग फेकू नयेत. ते प्रत्येकी वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत, चिठ्ठीसह आणि धातूच्या डब्यात ठेवावेत. लाकडी खणात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात नकोत. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी चढते, आणि मग त्या स्लगचे माप पुन्हा घेता येत नाही.

आपला,
टूलरूममधील एक मोजमाप कारागीर,
लालबाग, मुंबई